दिवेलागणीचं दुखणं

आई, तू होतीस तेव्हा माझी पत्रं आप्पा तुला वाचून दाखवायचे. तुला अक्षर येत नव्हतं. म्हणून माझ्या पत्रांत पोरांची शाळा, म्हशीचं दूध, पाऊसपाणी एवढंच असायचं. बायकांच्या आतल्या गोष्टी मी कधी लिहिल्याच नाहीत. आप्पांच्या तोंडून त्या तुझ्या कानावर कशा घालणार? आता आप्पाही नाहीत आणि तूही नाहीस, तेव्हा म्हटलं एकदा मोकळेपणानं लिहावं. जे लिहायचंय ते ओटीपोटाबद्दल आहे. तुझ्या ओटीपोटाबद्दल. तुझं दुखणं खरं होतं, आई. त्याला नाव आहे. ते नाव मला कळून आता आठ महिने झाले, आणि आठ महिने मी स्वयंपाकघरात गुणगुणत वावरते आहे. पोरगा विचारतो, आईला झालंय तरी काय?

कबनूरचं आपलं घर आठवायला बसले की मला भिंती दिसायच्या आधी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. कारखान्याच्या मागच्या अंगाला आपल्या दोन खोल्या. आप्पा आत माग चालवायचे आणि तू दाराजवळच्या मशीनवर कांड्या भरायचीस. शटलात बसणाऱ्या त्या बोटभर लाकडी कांडीवर सूत गुंडाळायचं, एक भरली की काढायची, दुसरी लावायची, तुटलेलं सूत जोडायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, सगळं उभ्यानं. मी शाळेला जाता-येता तुला बघते आहे. सकाळी तू काठीसारखी सरळ असतेस, डोक्यावर एक आणि कमरेला एक अशा दोन घागरी आणून झालेल्या असतात. दुपारी तुझा हात कमरेवर गेलेला असतो. चार वाजता तू या पायावरून त्या पायावर होत असतेस, बगळ्यासारखी. आणि सहाला घरात पाऊल टाकलंस की पदर बांधलेलाच, हातपाय न धुता, तू जमिनीवर आडवी होतेस आणि दोन्ही पाय पिठाच्या डब्यावर चढवतेस. डोळे मिटून घेतेस. "खाली वजन बांधल्यागत वाटतंय," एवढंच म्हणतेस.

आणि नेमकी ती वेळ दिव्याची. घरात बाईनं दिव्याच्या वेळी आडवं व्हायचं नाही, केरसुणी उचलायची नाही, दार लावून घ्यायचं नाही. आज्जीनं हे सगळं आम्हाला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. "लक्ष्मी दारात उभी आन् घरची बाई पाय वर करून पडलीया," आज्जी म्हणायची, "माघारी फिरल न्हाईतर काय करल?" आता कळतं की तुझं दुखणं आणि आपली ही चाल यांची गाठ जणू कुणी मुद्दाम मारून ठेवली होती. दिवसभर उभं राहून दुखणं ज्या घडीला टोकाला जायचं, त्याच घडीला तुला उठून, हसऱ्या तोंडानं दिवा लावायचा असायचा.

तुला दवाखान्यात नेलं नाही असं नव्हे हं. आप्पांनी तीन-चारदा नेलं. पण न्यायचं कधी, तर मागांना सुट्टी असेल त्या दिवशी. खाडा परवडायचा नाही, सगळ्या कारखान्यात तीच रीत. सुट्टीच्या दिवशी तू आरामात उठायचीस, डोक्यावरून अंघोळ करायचीस, बसून भाकरी खायचीस, बसूनच इचलकरंजीला जायचीस. डॉक्टर टेबलावर झोपवून पोट दाबून बघायचे. "इथं दुखतं? इथं?" आणि तू खरं बोलणारी बाई, म्हणायचीस, "न्हाई, आत्ता न्हाई दुखत." डॉक्टर आप्पांकडं बघायचे, आप्पा चपलेकडं बघायचे. येताना एसटीत आप्पा फक्त म्हणायचे, "सुट्टी गेली." पुढंपुढं गल्लीत एक म्हणच पडली, हिचं दुखणं कारखान्याच्या भोंग्याबरोबर चालू हुतंय आणि भोंग्याबरोबर बंद. सगळे हसायचे. मीसुद्धा हसले आहे, आई.

मग ते ऑपरेशन. पाच बाळंतपणं झालेली बाई, आता पिशवीचं काम काय, काढून टाकू, कटकट मिटेल. तेव्हा तू छत्तीस-सदतीसची असशील. तीन महिने तुला उभं राहू दिलं नाही, आणि त्या तीन महिन्यांत तुझा चेहरा असा काही उजळला की आज्जीनं देवीची ओटी भरली. मग तू मशीनवर परत गेलीस. पंधरवडा झाला असेल. एके संध्याकाळी मी न्हाणीघरातून आले तर तू जमिनीवर, पाय पिठाच्या डब्यावर. मी सोळा वर्षांची होते. हातात दिव्याची वात होती, आणि सोळाव्या वर्षी असते तेवढी अक्कल. मी म्हणाले, "पिशवीच काढली न्हवं? मग आता काय दुखतंय तुझं? बास की आता नाटकं."

तू नुसती उठलीस, माझ्या हातातली वात घेतलीस, दिवा लावलास, मला हळदकुंकू लावलंस, रोजच्यासारखं. आणि त्या दिवसापासून तू दिव्याच्या वेळी कधी आडवी झाली नाहीस. भिंतीला खांदा टेकून, एक पाय उंबऱ्यावर ठेवून उभी राहायचीस. मला वाटलं, बघा, बोलल्यावर बरी झाली.

माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा तू कोल्हापूरला आलीस तेव्हाचं आठवतं? माझ्या स्वयंपाकघरात नवाकोरा ओटा होता. मी मिरवत तुला दाखवला, आता चुलीपुढं बसायला नको, सगळं उभ्यानं. तू ओट्यावरून हात फिरवलास आणि तुझा चेहराच उतरला. "दिवसभर उभंच?" म्हणालीस. पुढच्या खेपेला येताना तू काखोटीला मारून एक उंच स्टूल आणलंस, कारखान्यातल्या सुताराकडून जुन्या मागाच्या लाकडाचं करून घेतलेलं. "भाकरी थापताना ह्यावर टेकत जा. उभं राहून बाईचं खालचं अंग उतरतंय." मी तुला हो म्हटलं आणि तू बसमध्ये बसल्यावर त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. खेडवळ समजूत, असं वाटलं मला. पुढं तू पन्नाशीला टेकलीस, तुझं दुखणं आपोआप ओसरलं आणि विचारलं की तू हसून म्हणायचीस, "मी म्हातारी झाले, त्येबी म्हातारं झालं." आम्ही सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ काढला: बघा, काही नव्हतंच. तू गेलीस ती छातीच्या दुखण्यानं, आणि ओटीपोटाचं बोलणं तुझ्याबरोबर संपलं.

आता माझ्या सुनेचं सांगते. तू तिला बघितलं नाहीस. एसटीत कंडक्टर आहे, कोल्हापूर-चंदगड गाडीवर. खाकी कपडे घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून निघाली की फौजदारीणबाईच वाटते. चंदगडकडचा पाऊस म्हणजे कसा, खिडकी लावली तरी आत येणारा. पायात काजूची पोती, वळणावळणाला गाडी हेलकावे खाते, आणि ही मधल्या वाटेत दांडीला टेकून तिकिटं फाडायची. आता मशीन असतं म्हणा. दोन पोरं झाल्यावर, धाकट्यानंतर, तिचं दुखायला लागलं. तीन वर्षं. दवाखाने झाले, सोनोग्राफ्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल. एक म्हणाले गॅस, एक म्हणाले मनाचा ताण. शेवटी एका ठिकाणी म्हणाले, दोन पोरं आहेत, पिशवी काढून टाका. पोरगा म्हणाला, "एकदाचं मिटतंय तर मिटू दे की." तारीख ठरली. ऑपरेशनला बारा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी मी देवघरात दिव्यात तेल घालून काडी पेटवली आणि मागं काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. वळून बघते तर सून स्वयंपाकघराच्या फरशीवर, खाकीतच, आणि दोन्ही पाय गॅसच्या टाकीवर चढवलेले. डोळे मिटलेले. माझ्या तोंडात शब्द आले होते, आई. "उठ गं, दिव्याची वेळ हाय," हे अगदी जिभेवर आलं होतं. काडी बोटाला चटका देऊन विझली. मला तू दिसलीस असं मी म्हणणार नाही, तसलं मला काही दिसत नाही. मला फक्त ते पाय दिसले. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि हिला तुझं कुणी सांगितलं नव्हतं. दोन बायका, मध्ये पन्नास वर्षं, आणि दोघींनी दुखण्यावर एकच उपाय शोधलेला. नाटक करणारी माणसं एकमेकींना न बघता एकच नाटक कसं करतील?

मी तिच्याजवळ खाली बसले. गुडघे कुरकुरले, तरी बसले. म्हटलं, "तुझं नेमकं कवा दुखतंय गं?"

"ड्युटी असली की," ती डोळे न उघडता म्हणाली. "दुपारपासनं चढत जातंय. रात्री झोपलं की उतरतंय. सुट्टीला तर कायच नसतंय, आत्ती. म्हणून तर ह्यांना वाटतंय..."

"आणि डॉक्टरकडं कवा जातीस?"

"सुट्टीलाच की. रजा कोण देतंय?"

आई, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं जे काही आलं ते वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि पुडीच्या कागदांतून. पण त्या घडीला मला वाटलं की मी मोठी परीक्षा पास झाले. सगळी सुट्टीला दवाखान्यात जातात! जे दुखणं उभं राहिल्यावर येतं ते आपण झोपवून शोधतो, आणि सापडत नाही म्हणून बाईला खोटं ठरवतो. म्हणजे गाय रानात चरायला सोडायची आणि मोकळा गोठा दाखवून म्हणायचं, गाय नाहीच. मी तिला म्हटलं, "उद्या ड्युटी सुटली की घरी यायचं न्हाई. मी स्टँडवर येते. तिथनं थेट जायचं." ती म्हणाली, "असल्या अवतारात?" मी म्हटलं, "ह्याच अवतारात."

शेजारच्या बाईंनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं, संध्याकाळी बसणाऱ्या. सुनेनं डेपोत मशीन जमा केलं आणि आम्ही रिक्षा केली. दवाखान्यातल्या बाकावर जागा होती, पण मी तिला बसू दिलं नाही. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि म्हणाल्या, "रिपोर्ट तर चांगले आहेत."

"चांगलेच येणार की," मी म्हणाले. "सुट्टीचे हैत ते."

"म्हणजे?"

"म्हणजे ही घरात लोळून, अंघोळ करून आली आणि तुम्ही लोकांनी टेबलावर आडवी घालून बघितली. आज नऊ तास उभी हाय. आज बघा. आणि उभी करून बघा."

त्या हसल्या. "आजी, तुम्ही नर्स होता काय?"

"न्हाई ओ. आईची लेक होते."

मग मी तुझं सगळं सांगितलं. कांड्या, पिठाचा डबा, पिशवी, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकून घेतलं. नंतर सुनेला एकेक विचारत गेल्या: बाळंतपणात मांडीवर निळ्या शिरा फुगल्या होत्या का, पाळीच्या आधी वाढतं का, आणि नवऱ्याजवळ झोपल्यानंतर कसं दुखतं. हा प्रश्न आल्यावर सून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "मी जरा बाटली भरून आणते," आणि बाहेर गेले. बाटली काठोकाठ भरलेली होती.

मग त्यांनी तिला आत नेऊन आधी झोपवून आणि मग उभं करून, श्वास रोखून जोर द्यायला लावून सोनोग्राफी केली, रक्त कुठून कुठं वाहतं ते रंगात दाखवणारी. मलाही आत बोलावलं; पडद्यावर मला ढेकूण चिरडल्यासारखं लाल-निळं दिसलं. बाई म्हणाल्या, "हे बघा आजी, झोपल्यावर एवढ्या होत्या, उभं राहिल्यावर शिरा किती फुगल्यात." त्याला म्हणतात पेल्विक कंजेशन सिंड्रोम. मी त्यांच्याकडून ते कागदावर लिहून घेतलं आणि घरी आरशासमोर पाच वेळा म्हणून बघितलं.

तुला समजेल असं सांगते. विहिरीवरच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो की नाही, मोटार बंद झाली तरी पाइपातलं पाणी परत विहिरीत पडू न देणारा? तशा झडपा आपल्या शिरांनाही असतात. खालचं रक्त वर काळजाकडं जातं, आणि त्या झडपा त्याला माघारी येऊ देत नाहीत. पोटुशीपणात शिरा ताणतात, रुंद होतात, मग कुणाकुणाच्या झडपा नीट मिटत नाहीत. दिवसभर उभं राहिलं की रक्त माघारी उतरतं आणि अंडाशयाच्या, पिशवीच्या भोवती तुंबून राहतं. पायावर फुगलेल्या शिरा दिसतात तशाच ह्या, फक्त आत. म्हणून ते ओझं, म्हणून ते खाली ओढल्यासारखं. पिशवी काढली तरी त्या शिरा आत राहतातच. झोपलं, पाय वर घेतले, की तुंबलेलं हलतं. वय झालं, पाळी गेली, की पुष्कळ जणींचं आपोआप कमी होतं. बाई सांगत होत्या आणि मला मोठ्यानं हसू फुटलं. थांबेचना. सूनबाई घाबरली. मी म्हटलं, "हसू दे गं मला. आमच्या गल्लीनं पन्नास वर्षांमागं आईच्या दुखण्याला भोंग्याचं दुखणं म्हटलं. बरोबर म्हटलं की!"

बाईंनी मला जमिनीवरही आणलं. ओटीपोट दुखायची कारणं ढीगभर असतात म्हणाल्या: पिशवीची, आतड्याची, लघवीच्या पिशवीची, नुसत्या स्नायूंची. प्रत्येक फुगलेली शीर दुखतेच असंही नाही. आणि कित्येकींना पिशवी काढावी लागते ती योग्य कारणासाठीच लागते. आधी सगळं तपासू, मग ठरवू. ठरलेलं ऑपरेशन मात्र त्यांनी थांबवायला सांगितलं. पुढं मोठ्या दवाखान्यात आणखी फोटो निघाले, बाकीची कारणं नाहीत हे बघून झालं आणि मगच, जांघेतून बारीक नळी घालून ती खराब शीर आतून तारेच्या गुंडाळीनं बंद केली. एक टाका नाही. दुसऱ्या दिवशी घरी. मी देवाला नारळ बोलले होते, तो फोडायला सुनेलाच पाठवला.

लगेच जादू झाली नाही. पहिले दोन आठवडे तर तिला वाटलं, फसलो. मग हळूहळू एक संध्याकाळ बरी, दोन बऱ्या, असं होत गेलं. परवा ती चंदगडहून आली, बूट काढले आणि पोरांच्या मागं अंगणात पळाली. अजून पाळीच्या आधी थोडं जाणवतं म्हणते. काही महिने तिनं अर्ज करून बसून करायचं काम मागून घेतलं होतं. तुझ्या स्टुलावरची तुळशीची कुंडी मी जमिनीवर उतरवली आहे. आता चपात्या लाटताना ती स्टुलावर बसते आणि पोरगा शेजारी उभा राहून भाजतो. त्याला म्हटलं, बायकोनं काय सांगितलं तर आधी खरं धरायचं, मग तपासायचं. आपण उलटं करतो. तो मान हलवतो. करपवतो थोड्या, पण शिकेल.

तुझ्याबद्दलही मी बाईंना विचारलं. तुला तेच होतं का? त्या म्हणाल्या, "समोर नसलेल्या माणसाचं निदान मी कसं करू? पण तुम्ही सांगता ते सगळं त्यात बसतं." मला तेवढं बास आहे. बसतं. माझ्या छातीवरचा एक धोंडा त्या शब्दानं उतरला. आता गल्लीतली कुणी बाई ओटीपोट धरून आली की मी तिला पहिलं विचारते, कवा दुखतंय, आणि दुसरं सांगते, जवा दुखतंय तवा दवाखान्यात जा, नटूनथटून सुट्टीला जाऊ नको. त्या मला डॉक्टरीण आज्जी म्हणून चिडवतात. चिडवू दे.

एवढं लिहून वही मिटली होती, पुन्हा उघडली. हे पान फाडून तुझ्या फोटोमागं ठेवायचं मनात होतं. पण फोटो रोज सून पुसते, तिच्या हाती लागेल. आणि मी वर 'तारीख ठरली' असं सफाईनं लिहून गेले आहे. तारखा आपोआप ठरत नाहीत, आई. पोरगा बोलून गेला होता, पण फोन करायला धजत नव्हता; सून तर गप्पच होती. दवाखान्यात फोन करून तारीख मी घेतली. रोज संध्याकाळी तिचं ते उतरलेलं तोंड बघून मला कंटाळा आला होता. तिची दया आली म्हणून घेतली असती तर गोष्ट वेगळी. तिला अजून वाटतं की ते नवऱ्याचं काम, आणि चार बायकांत ती सांगते, "आमच्या आत्तींनी मला वाचवलं." मी मान खाली घालून शेंगा सोलत राहते. तेव्हा पान वहीतच राहू दे. तिची ड्युटी आज सहाला सुटते. सांगायचं मी ठरवलंय. फक्त चहाच्या आधी की चहा झाल्यावर, ते अजून ठरत नाहीये.